भीती विचारून बोर्ड देणारे सर

आयुष्यात मी एकदाच खोटं लंगडलो आहे. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या एका गॅरेजच्या दारापासून आतल्या खुर्चीपर्यंत, फार तर आठ पावलं. ज्यांच्यासमोर ती पावलं टाकली त्यांच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो, कारण त्यांची आठवण काढली की लंगडणारा मी मधे येतोच. आता येऊ दे.

त्यांना सगळे सर म्हणायचे, पण ते शिकवत कुणालाच नव्हते. मूळचे नागपूरचे, साठीच्या अलीकडचे, आइंडहोव्हनजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. कार्बनचे आणि काचधाग्यांचे थर चिकटवून केलेल्या वस्तू वापरून वापरून कुठे फाटतात, याचा अभ्यास करणं हे त्यांचं काम. घरी एकटे असत. फोन उचलला की "जय भीम, बोला." पलीकडे डच माणूस असला तरी आधी जय भीम, मग डच. त्यामुळे त्या भागातले काही उंचेपुरे डच लोक फोनवर त्यांना आपणहून "याय बीम" म्हणत. नेदरलँड्समधल्या एका नागपूरकराला आणखी काय पाहिजे, असं ते हसून विचारायचे.

संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सर गॅरेजात असत आणि लोकांना स्प्लिटबोर्ड निवडून देत. ज्या देशात पुलावर सायकल चढवताना लोकांना धाप लागते, त्या देशात.

स्प्लिटबोर्ड म्हणजे मधोमध उभा चिरलेला स्नोबोर्ड. डोंगर चढताना त्याच्या दोन फळ्या करायच्या, एकेका पायाला एकेक बांधायची, मागे घसरू नये म्हणून खाली केसाळ पट्टे चिकटवायचे आणि बर्फातून चालत वर जायचं. माथ्यावर पट्टे सोलून काढायचे, दोन्ही फळ्या जोडून पुन्हा एक बोर्ड करायचा आणि जिथे माणसांना वर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, अशा उतारावरून खाली यायचं. सर त्या फळ्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. पट्ट्यांना कातडी. "थोरली कुठाय? थोरलीला विचारल्याशिवाय धाकटी जोडू नका," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत की नवा माणूस थोरलीकडे खरंच बघायचा.

महामारीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात आल्प्समध्ये ठिकठिकाणी लिफ्ट बंद झाल्या. दरवर्षी जाणारे लोक घरात बसून वेडे व्हायची वेळ आली आणि मग कुणीतरी म्हणालं, लिफ्ट नाही तर पायी चढू. महिन्याभरात दुकानातले स्प्लिटबोर्ड संपले. सरांकडे मात्र होते. वर्षानुवर्षं लोकांनी टाकलेले, मोडलेले, भेगाळलेले बोर्ड ते गोळा करून दुरुस्त करत आले होते. म्हणून त्या डिसेंबरात मी हूफडॉर्पहून दीड तास गाडी चालवत त्यांच्याकडे गेलो.

मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला. पुण्याचा, हूफडॉर्पच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर. स्नोबोर्ड शिकलो चाळिशीत, बंदिस्त हॉलमधल्या बर्फावर. ऑफिसातले चार जण दर हिवाळ्यात जात आणि मी त्यांच्यात होतो, ही गोष्ट मला बढतीपेक्षा मोठी वाटायची.

गॅरेजचं शटर वर गेलं आणि आतून एक लांबलचक काठी बाहेर आली. तिचं टोक माझ्या बुटाला लागलं.

"मागे सरा. दीड मीटर."

ती काठी म्हणजे बर्फाखाली गाडला गेलेला माणूस टोचून शोधायची घडीची सळई होती. तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा असतात. सरांनी ती साथीच्या काळात अंतर मोजायला काढली होती. भिंतीभर बोर्ड टांगलेले, आणि त्यांतले जे कायमचे मोडलेले होते त्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या. मी वाचायला लागलो. वजन, पावलाचं माप, आणि खाली दोन ओळी. 'भीती: हिमस्खलन. घडलं: बुटाची नाडी.' 'भीती: थंडी. घडलं: घाई.' 'भीती: नाही म्हणाला. घडलं:' आणि पुढे कोरं.

"हे पुढे काही लिहिलं नाही?"

"त्याच्या बायकोने बोर्ड आणून दिला. काय घडलं ते मला बोर्डावर दिसलं. तिने विचारलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

मी ती चिठ्ठी हातातून सोडून दिली.

दुकानदार आधी उंची विचारतात. सरांना उंचीशी घेणं नव्हतं. ते पाठीवर भरलेली सॅक देऊन काट्यावर उभं करत, पाऊल उघडं करायला लावून लाकडी पट्टीने मोजत, आणि मग निळ्या वहीत वर तुमचं वजन लिहून विचारत, "कशाची भीती वाटते?"

"हिमस्खलनाची," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं आणि खोडलं. "हे सगळेच सांगतात. खरं सांगा ना जी."

"थंडीची."

पुन्हा खोडलं. "काहून खोटं बोलता? मी काय तुमच्या कंपनीत मुलाखत घेऊन राहिलो?"

मी उघड्या पावलावर मोजा चढवला. मग म्हणालो, "मागे राहायची. बाकीचे पुढे जातील आणि मी मागे राहीन, याची."

त्यांनी ते खोडलं नाही. वही मिटली आणि उठून भिंतीवरचा एक बोर्ड काढला. लांबीला कमी, पायाखाली अरुंद, लवचीक. "तुम्हाला चढताना दम कमी लागला पाहिजे. दमलेला माणूस मागे पडतो, मागे पडलेला माणूस लाजतो, आणि लाजलेला माणूस डोंगरावर काय वाट्टेल ते करतो. हा अरुंद आहे, पटकन वळतो. तुमचा पाय एक्केचाळीस, टाच बाहेर येणार नाही."

मी म्हटलं, "इंटरनेटवर म्हणतात, जितका हलका तितका चांगला."

"चढताना, होय. उतरताना हलका बोर्ड अनोळखी माणसासारखा वागतो. याच्याहून हलका तुम्हाला देणार नाही."

मग त्यांनी बोर्डाला बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं, नाकापासून शेपटीपर्यंत, कान जवळ नेऊन. त्यांचे वडील रेल्वेत गाड्यांच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचे. चाक निरोगी असेल तर वाजतं, आत चीर असेल तर भद्द होतं. "त्यांनी आयुष्यभर गाड्या थांबवल्या," सर सांगायचे. "गाडी थांबली की लोक शिव्या देत. जी गाडी पडली नाही तिच्यासाठी कुणी कधी आभार मानले नाहीत."

बोर्ड निवडून काम संपत नसे. मग चाळीस वेळा. दोन फळ्यांचा एक बोर्ड आणि एका बोर्डाच्या दोन फळ्या, चाळीस वेळा करून दाखवायच्या, हातमोजे घालून. मधूनमधून बर्फाच्या पाण्याच्या बादलीत हात बुडवून. टेबलफॅन तोंडावर सोडलेला. "वारा सुटला." मधेच दिवा बंद. "ढग आला." आणि ते स्वतः अंधारात चहा पीत बसलेले. एक डच माणूस, सहा फूट चार इंच, एकतिसाव्या वेळी शिव्या देत निघून गेला होता. पुढच्या शनिवारी सफरचंदाचा केक घेऊन आला आणि एकपासून पुन्हा मोजायला बसला.

मला दोन खेपा लागल्या. चाळिसाव्या वेळी माझ्या बोटांना काही कळत नव्हतं, पण आकडा, खिट्टी, मधली पकड, सगळं आपोआप जागेवर जात होतं. सरांनी स्वतः माझ्या पायांच्या कोनात बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, बसवली, डावा पाय पुढे. मग बोर्ड माझ्या हातात देताना सोडला नाही. दोघांनी एक एक टोक धरलेलं.

"हा तुमचा आहे. बायकोला द्यायचा नाही. भावाला द्यायचा नाही. तुमचा पाय, तुमचं वजन, तुमची भीती. कळलं?"

"कळलं."

"म्हणा."

"कुणाला देणार नाही."

मग त्यांनी सोडला.

त्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये कितीतरी वर्षांनी चांगला बर्फ पडला. सरांचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "जय भीम. या." न्यूनेनजवळ एक टेकडी आहे. खाली शहराचा जुना कचरा, वर माती, वर गवत, आणि त्या दिवशी त्याच्यावर बर्फ. शेकडो पोरं घसरगाड्या घेऊन आलेली. आम्ही एका बाजूचा रिकामा उतार पकडला. कातडी लावून मी वर चढलो. वर जाऊन कातडी काढली, थोरली-धाकटी जोडली आणि खाली बघितलं तर माझे गुडघे हलेनात. टेकडी ती केवढीशी. चार वर्षांची पोरं पोटावर झोपून किंचाळत खाली जात होती. मी उभा. खाली सर काठी धरून उभे, लहानसे दिसत होते. मला वाटलं होतं, ते चढून येतील, खांद्यावर हात ठेवतील. ते आले नाहीत. हातही हलवला नाही. मला खाली यायला अर्धा तास लागला, आणि मी खाली आल्यावर ते म्हणाले, "अर्धा तास उभे राहिलात. चांगलं केलं." मला तो टोमणा वाटला. घरी येईपर्यंत मी मनातून जळत होतो.

मार्चमध्ये जायचं ठरलं. सरकार सांगत होतं, प्रवास टाळा. आम्ही टाळला नाही. ऑफिसातले चौघे आणि मी, दोन गाड्या, लिफ्ट बंद असलेल्या एका खोऱ्यात आठवडाभर. मी रोज सकाळी हिमस्खलनाचा अंदाज वाचायचो. हूफडॉर्पमधलं माझं घर समुद्राच्या पातळीपेक्षा चार मीटर खाली आहे, आणि मी त्या घराच्या स्वयंपाकघरात उभा राहून तीन हजार मीटरवरच्या उतारांचं वाचून घामाघूम होत होतो. त्यातल्या धोक्याच्या खुणा बघून खात्री व्हायची की मरणार ते मीच. रात्री डोळे मिटले की कचऱ्याच्या टेकडीवरचे ते न हलणारे गुडघे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बायकोसमोर खोकलो.

ती म्हणाली, "हे काय?"

"बहुतेक आलाय खोकला."

"कुठाय? पुन्हा खोक."

मी पुन्हा खोकलो. आमची मुलगी चौदा वर्षांची, जिन्यात उभी होती. मराठी तिला सगळं कळतं. ती इंग्रजीत म्हणाली, "बाबा, आर यू सिक ऑर नॉट?" आणि उत्तराची वाट न बघता वर गेली.

त्या दिवसांत खोकल्यासारखं कारण दुसरं नव्हतं. कुणी शंका घेत नसे, उलट आभार मानत. ग्रुपवर मी लिहिलं आणि लगेच उत्तरं आली, जबाबदारीने वागलास, काळजी घे. मी मान टाकून थोडा वेळ बसलो. मग बसवेना. पाचवी जागा रिकामी जाणार, मी पळालो हे कुणाच्या तरी लक्षात येणार. म्हणून मी डोंबिवलीकरला फोन केला.

डोंबिवलीकर हे माझ्या टीममधल्या एकाचं आम्ही पाडलेलं नाव. तिशीतला, आडदांड, हसतमुख, बायकोबरोबर अ‍ॅमस्टेलव्हीनला राहणारा. साध्या स्नोबोर्डवर तो आम्हा सगळ्यांपेक्षा सरस होता. स्प्लिटबोर्डला मात्र त्याने कधी हात लावला नव्हता. उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट नूतनीकरणाला येणार होतं, त्यावर सही माझी, आणि त्यावर त्याचं इथलं राहणं अवलंबून. मी बोलावलं तर तो नाही म्हणणार नाही, हे मला फोन करतानाही माहीत होतं. तेवढं तरी इथे लिहितो.

"दादा, मी? उद्या? पण माझ्याकडे काहीच नाहीये."

"माझा सगळा सेट आहे रे. बोर्ड, कातडी, सगळं. नेदरलँड्समधल्या सगळ्यात जाणत्या माणसाने निवडलाय."

"आणि साइज? माझा शेहेचाळीस आहे दादा. तुमचा पाय म्हणजे माझ्यासमोर बाळाचा."

"चालतं रे. बूट तुझेच घाल, बाइंडिंग सरकवता येतात. अ‍ॅडजस्ट होतं."

अ‍ॅडजस्ट होतं. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं, कारण आम्ही सगळे तसेच वाढलो आहोत. थोरल्या भावाचा स्वेटर धाकट्याला, आतेभावाची सायकल मला, सीट खाली करून. इथेही तेच. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर बर्फातली जाकिटं आणि बूट घराघरांतून फिरत असतात. एकाने दिलं, दुसऱ्याने वापरलं, तिसऱ्याने चेन बदलून घेतली. वस्तू अंगाला बसत नसेल तर अंग वस्तूला बसवायचं. त्यात आम्हाला कधी काही चुकलेलं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही असं म्हणायचा मोह होतो. पण मी त्या गॅरेजात बसून चाळीस वेळा बोर्ड जोडला होता. मला दिसलं होतं.

संध्याकाळी तो दारात येऊन बोर्ड घेऊन गेला. मी मास्क लावून दीड मीटरवरून हात केला. त्याच्या बायकोने माझ्या खोकल्यासाठी डब्यात आल्याचा काढा पाठवला होता. तो मी प्यायलो.

ते निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांतल्या एकाचा फोन आला. सकाळी लवकर चढून गेले, माथ्यावर जोडाजोडीला त्याला वेळ लागला, सगळे थांबले, तो सॉरी सॉरी म्हणत राहिला. मग उताराला लागल्यावर पहिल्याच वळणाला तो टाचेवर वळला आणि थेट पाठीवर पडला. थांबलाच नाही. खालच्या दगडांपर्यंत गेला. हेलिकॉप्टर यायला दोन तास. मांडीचं हाड दोन ठिकाणी, कंबरेच्या हाडाला तडा. त्या दोन तासांत तो शुद्धीवर होता, हे मला ऐकायचं नव्हतं आणि मी दोनदा विचारून ऐकलं.

हॉस्पिटलमधून त्याचा व्हिडिओ कॉल आला. ओठ फुटलेले. तो म्हणाला, "दादा, सॉरी. माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप गेली. आणि तुमचा बोर्ड खराब केला मी. टाचेवर वळायलाच जमलं नाही, मला वाटायचं मला येतं."

मी म्हणालो, "बोर्डाचं काय घेऊन बसलास. बरा हो."

एवढंच म्हणालो.

बोर्ड गाडीतून माझ्याकडे परत आला. सरांपर्यंत बातमी कशी पोचली कोण जाणे. बहुधा ज्याने मला त्यांचा नंबर दिला होता त्याच्याकडून, आणि अर्धीच. एप्रिलच्या सुरुवातीला फोन वाजला.

"जय भीम. मॅनेजर, जिवंत आहात?"

"हो सर."

त्यांनी मोठ्ठा श्वास सोडला. तो श्वास मला ऐकू आला. "माझ्या हातचा बोर्ड पडला असं ऐकलं. कुठे लागलं? काय मोडलं? मी काय चुकलो ते मला बघू द्या. दोन रात्री झोपलो नाही हो."

तिथे मी खरं सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सुरू कुठून करायचं? खोकल्यापासून? मी म्हणालो, "विशेष नाही सर. पाय मुरगळला."

"बोर्ड घेऊन या."

म्हणून ती आठ पावलं.

त्यांनी मला लंगडत आत येताना पाहिलं, खुर्ची दिली, पायाखाली उशी दिली. स्वतः दीड मीटरवर. मग बोर्ड टेबलावर पालथा टाकला आणि दिवा जवळ ओढला. आधी पेरांनी ठोकत गेले. दोन ठिकाणी भद्द आवाज आला. मग भिंग. मग बोर्ड उलटा करून बाइंडिंगचे स्क्रू बघितले, आणि तिथे त्यांचा हात थांबला.

"सकाळची वेळ होती," ते बोर्डाकडे बघत म्हणाले. "बर्फ रात्रीचा गोठलेला. या रेघा बारीक आणि सरळ आहेत, मऊ बर्फात अशा पडत नाहीत. टाचेवर वळण घेतलं. ही कडेची धार बघा, नाकाकडे घासलेली, शेपटीकडे घासलेली, आणि मधे जिथे पाय असतात तिथे कोरी. मधे धार बर्फाला लागलीच नाही. आधी बूट लागला. टाच बोर्डाबाहेर होती, बूट टेकला, धार उचलली गेली. संपलं. या माणसाने काही चुकीचं केलं नाही. देवाचा बाप असता तरी पडला असता."

मग त्यांनी दिवा बाजूला केला.

"एक्केचाळीसची टाच या बोर्डाच्या बाहेर येत नाही. मी मोजली होती. आणि हा माणूस उजवा पाय पुढे ठेवतो. उठा मॅनेजर. भिंतीपर्यंत चालून दाखवा. सरळ."

मी उठलो. चाललो. सरळ.

"जिवंत आहे का तो?"

"आहे. मांडीचं हाड मोडलंय, आणि कंबरेचं. आता अ‍ॅमस्टेलव्हीनला घरी आणलंय."

"चाळीस वेळा करून घेतलं होतं?"

"एकदाही नाही."

मी सगळं सांगितलं. खोकला, फोन, अ‍ॅडजस्ट. मी रडलो की नाही ते आठवत नाही. सर ओरडतील असं वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी कधी डोंगरावरून खाली आलेलो नाही, माहीत आहे तुम्हाला?"

मी भिंतीवरच्या बोर्डांकडे बघितलं.

"नोकरीला लागलो तेव्हा लॅबची माणसं मला ऑस्ट्रियाला घेऊन गेली. स्नोबोर्ड बांधून लिफ्टने वर नेलं. वर गेलो, खाली बघितलं, आणि लिफ्टवाल्याला म्हटलं, मला परत खाली ने. तो म्हणाला, असं कुणी करत नाही. मी म्हटलं, मी करतो. खुर्चीत बसून खाली आलो. समोरून सगळी खुर्च्यांची रांग वर येऊन राहिली, माणसं, बाया, लेकरं, सगळी माझ्याकडे बघत. वीस मिनिटं. मी सगळ्यांना नमस्कार केला." ते जरासे हसले. "मला अजून भीती वाटते. म्हणून तर दुसऱ्याची कळते. घाबरून खाली येणं मी बघितलंय, त्याने काही होत नाही. तुम्ही घाबरलात यात काय वाईट आहे? फक्त तुम्ही खाली यायच्या ऐवजी दुसऱ्याला वर पाठवलं."

टेकडीच्या पायथ्याशी ते का उभे राहिले होते ते मला तेव्हा कळलं. आणि अर्धा तास उभे राहिलात, चांगलं केलं, हा टोमणा नव्हता हेही.

"त्याला काय वाटतं, कुणाची चूक?"

"स्वतःची. मला सॉरी म्हणतो."

सर उठले, जाकीट घेतलं, बोर्ड उचलला. "चला."

"आत्ता? सर, मी उद्या जातो. आधी फोन करून..."

"मॅनेजर, तुमचा उद्या मी बघितला. तुमच्या गाडीमागे माझी गाडी असेल. मधे कुठे वळलात तर मीही वळेन."

दीड तास माझ्या आरशात मागच्या गाडीतला त्यांचा मास्क लावलेला चेहरा होता. हायवेवर मी दोनदा इंडिकेटर दिला. दोन्ही वेळा मागच्या गाडीनेही दिला.

त्या महिन्यांत घरी दिवसाला एकच पाहुणा चालत असे. डोंबिवलीकर तळमजल्यावर राहायचा. सर रस्त्यावर गाडीला टेकून उभे राहिले आणि मी आत गेलो. दिवाणखान्यातच पलंग मांडलेला. त्याच्या बायकोने खिडकी उघडी ठेवली होती, वाऱ्यासाठी.

"अरे दादा! बसा ना. खोकला बरा झाला?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. खोकला नव्हता. बोर्ड तुझ्यासाठी नव्हता, तुझा बूट त्याच्यात मावतच नव्हता, आणि मला ते माहीत होतं. तू वळणात चुकला नाहीस. तू काहीच चुकला नाहीस. माझी वाक्यं एकमेकांवर आपटत होती. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली, हातात चहाचा कप. तिने तो टेबलावर ठेवला नाही, परत आत घेऊन गेली.

तो छताकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "रोज तेच वळण घेतो मी, दादा. झोपेत. रोज वाटतं, गुडघे जरा जास्त वाकवले असते तर." मग म्हणाला, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? बूट लागला म्हणून?"

"सरांनी. बोर्ड बघून. बाहेर उभे आहेत."

"मग त्यांना पाठवा. मला त्यांच्याकडून ऐकायचंय." आणि माझ्याकडे न बघता, "एकच जण चालतो ना. तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर गेलो, सर आत गेले. जाताना त्यांनी गाडीतून तो बोर्ड काढून काखेत घेतला. उघड्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. त्यांनी बोर्ड पलंगावर त्याच्या हाताशी आडवा धरला, त्याचं बोट धरून धारेवरून फिरवलं, मधल्या कोऱ्या जागेवर ते थांबवलं. डोंबिवलीकर ती जागा चाचपत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. सर तसेच बसून राहिले, दीड मीटर वगैरे विसरून. रस्त्यावर थंडी होती. मी माझ्या गाडीत जाऊन बसलो नाही. तेवढं मला करवलं नाही.

पाऊण तासाने सर बाहेर आले. त्यांनी बोर्ड आणला नव्हता. गाडीत बसले, काच खाली केली.

"बोर्ड त्याने ठेवून घेतला. राहू द्या म्हणाला."

"आणि मला काही..."

"मी विचारलं नाही. त्याने आपणहून सांगितलं." त्यांनी गाडी सुरू केली. "आजचा पाहुणा मी झालो. उद्या अकराला तुम्ही या म्हणाला."